दूधभातावरची मांजर

(द्वितीय वर्ष कला)

यंदाच्या पौषात आमच्या घरी एक खटला उभा राहिला. आरोपीचे नाव ठकी. वय सहा वर्षांच्या पुढे, वर्ण करडा, पोट व चारी पंजे पांढरे. आरोप असा, की शेजारच्या काकूंनी तळण्यासाठी हळद-मीठ लावून ठेवलेल्या बांगड्यांपैकी दोन बांगडे तिने भर दुपारी खिडकीतून पळवले. पैकी एक जिन्यात बसून फस्त केला आणि दुसरा, पोट भरल्यामुळे असेल किंवा भक्तिभावाने असेल, आमच्या देवघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला. वार रविवार, तिथी एकादशी. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार खुद्द आजी, हातात फुलांची परडी.

त्या दुपारी घरात जे झाले त्याचे वर्णन करण्याचे सामर्थ्य माझ्या लेखणीत नाही. काकू दारात येऊन म्हणाल्या, "आजी, माझे दोन बांगडे गेले त्याचं काही नाही हो, पण तुमच्या ठकीला काही तरी शिस्त लावा." काकू हसत होत्या. पण ज्या घरात चार पिढ्यांत कांद्याच्या पुढे कोणी गेलेले नाही, त्या घरच्या मांजरीने शेजारचे मासे चोरावेत आणि शेजारणीने ते हसत सांगावे, हे आजीला फार लागले. संध्याकाळी दिवेलागणीनंतर बाबांनी निकाल दिला, "आता पुरे झालं. येत्या रविवारी तिला पुलापलीकडे सोडून येऊ."

'पुलापलीकडे सोडणे' हा शब्दप्रयोग आमच्या सांगलीच्या गावभागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पूल ओलांडला की सांगलवाडी. मांजर नको झाली की तिला पोत्यात घालायचे, पोत्याचे तोंड सुतळीने बांधायचे आणि कृष्णेच्या पलीकडे नेऊन सोडायचे. नदी असल्यामुळे ती परत येत नाही, असा समज. जिथे नदी नाही तिथे लोक मार्केट यार्ड, मंगल कार्यालयाची मागची बाजू, नाही तर एखादे देऊळ शोधतात. मांजर मारणे हे महापाप. मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. सोन्याचा भाव पाहता कोणीही मांजर मारीत नाही. फक्त सोडून येतात. सोडल्यावर पुढे तिचे जे काय होते ते आपल्या डोळ्यांआड होते, त्यामुळे त्याचा हिशेब काशीपर्यंत जात नाही. या पळवाटेइतकी सोयीची पळवाट आपल्या धर्मशास्त्रात दुसरी कुठली असेल असे मला वाटत नाही.

याविषयी मी इतक्या तावातावाने लिहिते त्याला कारण आहे. मी तिसरीत असताना आमच्याकडे मनी नावाची मांजर होती. तिने माळ्यावर ठेवलेल्या गाद्यांवर पिल्ले घातली. पिल्ले मोठी होऊन कोणी कोणी नेली. पण पुन्हा दोन-तीन महिन्यांत मनीचे पोट दिसू लागले, तेव्हा तिला सोडायचे ठरले. गाडी बाबा चालवत होते आणि पोते धरून मी मागे बसले होते. धरायला माणूस हवे होते, आणि मनी माझेच ऐकते असे सगळ्यांचे मत होते. पुलाच्या सुरुवातीला तिने पोत्यातून माझ्या मांडीवर नखे रुतवली. मी "मने, मने" म्हणत राहिले. पुलाच्या मध्यावर ती एकदम शांत झाली. पोत्यातून तिची ऊब मला लागत होती. पलीकडे एका घराच्या मागे बाबांनी पोते सोडले, ती बाहेर आली, माझ्याकडे बघून पायाला अंग घासले, आणि आम्ही गाडी चालू केली. "इथं तिला चांगलं घर मिळेल," असे मला सांगितले होते. मी त्यावर विश्वास ठेवला. कारण ठेवणे भाग होते.

या वर्षी तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी मर्कटन्याय आणि मार्जारन्याय समजावून सांगितला. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, अंग सैल सोडते आणि आई तोंडात धरून नेईल तिकडे जाते. श्रीवैष्णवांच्या दोन पंथांमध्ये ईश्वराला शरण जाण्याच्या रीतीवरून याच दोन दाखल्यांनी वाद चालला. वर्गातल्या बाकीच्यांनी ते टिपून घेतले. मला मात्र पुलाच्या मध्यावर शांत झालेले पोते आठवले. मला हे 'ऊर भरून आले' वगैरे लिहायचे नाही. मात्र त्या दिवसापासून हे शरणागतीचे प्रकरण मला तितकेसे सुंदर वाटत नाही, एवढे नोंदवून ठेवते.

आता ठकीच्या बाजूने बोलायचे म्हणजे ती निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर सरकारी वकिलाला फार काम उरणार नाही. २०१८ साली पावसात भिजून आमच्या जिन्याखाली आली त्या दिवसापासून तिने या घराला एक दिवस स्वस्थता दिलेली नाही. सायीचे पातेले जाळीच्या कपाटात, कपाटाला कडी, कडीत चमचा; तरी चमचा पंजाने हळूहळू सरकवून पाडण्याची विद्या तिने साध्य केली. चमचा पडल्याचा आवाज आला की आजी देवघरातून "हाड्" म्हणून ओरडते, तोवर आठवड्याभराच्या तुपाची आशा संपलेली असते. फळीवर ठेवलेली कोणतीही वस्तू खाली असावी, असा तिचा सिद्धांत आहे. ती वस्तूकडे पाहत नाही. आपल्याकडे पाहते, आणि पंजा वस्तूला लावते. आपण "ठके!" म्हटले की थांबते. आपण पुन्हा पुस्तकात मान घातली की ढकलते. अशा रीतीने आमचा हळदीकुंकवाचा करंडा, बाबांच्या चष्म्याची एक काच आणि एका आतेबहिणीच्या लग्नात आलेली काचेची बदके इहलोक सोडून गेली.

बाबा जमिनीवर पसरून वर्तमानपत्र वाचतात, तर त्यांना ज्या बातमीत रस असेल तिच्यावर ती बसते. इतर पाने मोकळी असतात. २०२०-२१ साली, मी अकरावीत असताना, तास मोबाइलवर चालत. त्या काळात आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातील किमान तीन शिक्षकांनी ठकीची शेपटी जवळून पाहिलेली आहे. इतिहासाच्या मॅडमनी एकदा हजेरी घेताना तिलाही विचारले होते, "तुझा रोल नंबर काय ग?"

एक गुन्हा मात्र मी आरोपपत्रातून वगळणार आहे. गौरी आवाहनाच्या दिवशी आजी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढते आणि त्यांवर हळदकुंकू वाहते. एके वर्षी पावले काढून झाली, गौरी आणायला सगळे दारात गेले, आणि तेवढ्यात ठकी त्या वाटेने चालत थेट आत गेली. मोठ्या पावलांच्या शेजारून पाच ठिपक्यांची लहान पावले, लाल-पिवळी. आता हिची पाठ शेकणार म्हणून आम्ही श्वास रोखून उभे होतो. आजीने ती पावले पाहिली, कमरेवर हात ठेवला, आणि म्हणाली, "असू दे. पुसू नका." आजीचे कायदे असे आहेत. ज्या आजीने गौरीच्या दिवशी ती पावले राहू दिली, त्याच आजीला उंबऱ्यावरच्या अर्ध्या बांगड्याने पोत्याची आठवण व्हावी, याचा उलगडा मला बरेच दिवस होत नव्हता.

मग लक्षात आले की मुद्दा चोरीचा नव्हताच. साय तर ती रोज चोरते. मुद्दा होता तो व्रतभंगाचा. आमच्या घरची मांजर शाकाहारी आहे, असे आजी सहा वर्षे अभिमानाने सांगत आली होती. "आमची ठकी दूधभाताशिवाय कशाला तोंड लावत नाही." आणि आता सगळ्या आळीला कळले, की ती ढोंगी आहे.

मांजर ढोंगी असते, हा आरोप आपल्या वाङ्मयाइतकाच जुना आहे. हितोपदेशात दीर्घकर्ण नावाचा बोका भागीरथीच्या काठी एका झाडावर येतो. तिथल्या ढोलीत जरद्गव नावाचे आंधळे गिधाड राहत असते. बोका त्याला सांगतो, की मी रोज स्नान करतो, मांस खात नाही, चांद्रायणव्रत करतो. गिधाड विश्वास ठेवते. बोका झाडावरची पिल्ले एकेक करून खातो, हाडे गिधाडाच्या ढोलीत टाकतो, आणि पक्षी चिडून बिचाऱ्या गिधाडाचा जीव घेतात. महाभारतात उद्योगपर्वात गंगेच्या काठी हात वर करून तप करणाऱ्या मांजराची गोष्ट आहे. उंदीर त्याला साधू समजून स्वतः उचलून नदीवर नेतात आणि दिवसेंदिवस कमी होत जातात. दुर्योधन ही गोष्ट उलूकाकरवी युधिष्ठिराला सांगायला पाठवतो, म्हणजे ती शिवी म्हणून वापरलेली आहे. महाबलिपुरमच्या त्या प्रचंड शिल्पपटात तर मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर पाषाणात कोरलेले आहे, पायाशी उंदीर. मनुस्मृतीने दांभिकाला नावच 'बैडालव्रतिक' असे देऊन टाकले. आपली मराठीही मागे नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण उठता बसता म्हणतो.

(जाता जाता: व्याकरणकारांनी मात्र मांजरीला न्याय दिला. 'ओतु' म्हणजे मांजर. स्थूल अधिक ओतु याचा संधी 'स्थूलोतु' असाही होतो आणि 'स्थूलौतु' असाही, दोन्ही बरोबर. इतर बहुतेक शब्दांना एकच वाट, लठ्ठ मांजरीला दोन. संस्कृतच्या तासाला हे ऐकून मला आमच्या वैयाकरणांच्या घरीही मांजर असावी अशी दाट शंका आली. 'मार्जार' हा शब्ददेखील पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाच्या 'मृज्' धातूवरून आला असे मानतात. सतत स्वतःला चाटून पुसून ठेवते म्हणून. चोर, ढोंगी ही विशेषणे धातूत नाहीत, ती नंतर आपण जोडली.)

माझे म्हणणे एवढेच आहे, की या सर्व गोष्टींत व्रत कोणी घेतले ते नीट पाहावे. दीर्घकर्णाने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते की मी मांस खात नाही. ठकीने असे कधी सांगितले? तिच्या वतीने आजीने सांगितले. जपमाळ आपण तिच्या पंजात दिली, आणि ती गळून पडली तेव्हा तिला बैडालव्रतिक ठरवले.

हे केवळ वकिली बोलणे नव्हे. त्या रविवारनंतर मी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारले, आणि वाचलेही. मांजर हा प्राणी मांसाशिवाय नीट जगूच शकत नाही. टॉरीन नावाचा एक घटक तिच्या शरीराला लागतो. तो तिला पुरेसा तयार करता येत नाही आणि तो मांसमाशांत मिळतो, डाळ-भातात नाही. तो दीर्घकाळ मिळाला नाही तर मांजरीचे डोळे जातात, हृदय दुबळे होते. हे १९७० आणि १९८० च्या दशकांतच सिद्ध झालेले आहे. दुधाचे म्हणाल, तर पिल्लूपण सरल्यावर पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही; त्यातली साखर पचवण्याची शक्ती कमी होत जाते. तिला ओढ असते ती स्निग्धाची. म्हणूनच सायीचे पातेले! आणि गोड चव तर तिला कळतच नाही. गोड ओळखणाऱ्या जिभेवरच्या यंत्रणेचे एक जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली उघडकीस आले. म्हणजे दर चतुर्थीला आजी तिच्यापुढे मोदकाचा तुकडा ठेवीत होती आणि ती वास घेऊन निघून जात होती, त्याला आम्ही 'माज' म्हणत होतो, ती बिचारी लाकडाचा तुकडा हुंगत होती.

सहा वर्षे आम्ही तिला जे वाढले ते आमचे अन्न होते, तिचे नव्हते. मग ती जगली कशी? उंदरांवर, पालींवर, चिमण्यांवर आणि शेजाऱ्यांवर. आम्ही तिला उपाशी ठेवली आणि शेजाऱ्यांनी तिला पोसले, हा या खटल्यातला खरा पुरावा आहे. चोर तिला आम्ही केले. वर आमची अब्रू गेली म्हणून शिक्षा तिला.

आणि अब्रूचा विषय निघालाच आहे तर २०१९ चा ऑगस्ट आठवावा. मी दहावीत होते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभागातल्या माणसांना ते सांगायला नको. रात्री पाणी गल्लीत आले, पहाटे पायरीला लागले, आणि हाती लागतील त्या पिशव्या घेऊन आम्ही बाहेर पडलो. ठकी सापडली नाही. हाका मारल्या, पण ज्या रात्री सगळेच हाका मारीत असतात त्या रात्री मांजर येत नाही. मिरजेला मावशीकडे नऊ-दहा दिवस होतो. आजीने घरातल्या तांदळाच्या कोठीविषयी, लग्नातल्या पैठणीविषयी, आजोबांच्या फोटोविषयी एकदाही विचारले नाही. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर एवढेच म्हणायची, "ती काय खात असेल ग?"

परत आलो तेव्हा खालच्या घरात गुडघाभर गाळ होता. कुजलेल्या धान्याचा वास होता. आणि माळ्यावर गाद्यांच्या वळकटीवर ठकी बसलेली होती, हाडांचा सापळा. काय खाल्ले असेल? पुराच्या पाण्याबरोबर गल्लीतले सगळे उंदीर माळ्यांवर चढले होते. त्या दहा दिवसांत तिने दूधभाताचे व्रत पाळले असते तर आम्हांला परत आल्यावर तिला पुरावे लागले असते. आजीने तिला पदरात घेतले. तेव्हा कोणी विचारले नाही, की बाई तू एवढे दिवस शाकाहारी होतीस का म्हणून.

निकालाच्या रात्री मी ही आठवण काढली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. आजी उठून आत गेली.

प्रतिपक्षाचेही थोडे ऐकले पाहिजे. काकूंचे बांगडे फुकटचे नव्हते, आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपल्या जनावराने जावे हे बरोबर नाही. मांजर पाळणाऱ्या माणसांना आपल्या मांजरीच्या खोड्या शेजाऱ्यांनीही कौतुकाने घ्याव्यात असे वाटते. हा आमचा दोष मी मान्य करते. मांजर चावली, ओरबाडली तर रेबीजचा धोका तिच्यापासूनही असतो, कुत्र्यापासूनच नव्हे. तिला लस टोचून घेणे हे पाळणाऱ्याचे काम, शेजाऱ्याच्या नशिबाचे नव्हे. चिमण्यांबद्दल तर माझ्याजवळ उत्तर नाही. पहाटे तिला घरात कोंडून ठेवते, एवढेच.

सर्वांत अवघड प्रश्न जत तालुक्यातून येणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीने विचारला. तिच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. ती म्हणाली, "आमच्याकडं माणसाला दोन वेळचं बघावं लागतं, आणि तुम्ही मांजरीला मासे काय खावेत यावर निबंध लिहा." कँटीनमध्ये सगळे गप्प झाले. मी तेव्हा काही बोलू शकले नाही, आणि आजही त्याचे पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच सांगू शकते, की मासळीबाजारात माशांची डोकी फेकून देतात आणि ठकीचे तेवढ्यात भागते. आणि मांजर पुलापलीकडे सोडल्याने तिच्या गावात एक घागर पाणी वाढत नाही. नंतर तिनेच सांगितले, की तिच्या घरी धान्याच्या कणगीपाशी दोन मांजरी आहेत आणि त्या कुणी 'पाळलेल्या' नाहीत, त्या आहेत. मला वाटते माणसाचे आणि मांजराचे मूळ नाते असेच होते. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे. माणसाच्या शेजारी मांजर पुरलेली. २००४ साली ते प्रसिद्ध झाले. शेती सुरू झाली, धान्य साठले, धान्यापाठी उंदीर आणि उंदरांपाठी मांजर. तिला कोणी रानातून धरून आणले नाही; ती कणगीपाशी येऊन बसली आणि आपण तिला बसू दिले. त्या करारात दूधभाताचे कलम नव्हते.

आता हा विषय माझ्या घरापुरता ठेवून चालणार नाही, कारण आपल्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडमागेही एक सांगलवाडी आहे. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यात डोळे न उघडलेली पिल्ले कोणी तरी आणून ठेवते. खोक्यात जुने फडके घातलेले असते, म्हणजे ठेवणारा दुष्ट नसतो. 'कॉलेजची मुले बघतील' असा त्याचा हिशेब. मुले बघतात. दोन दिवस कँटीनमधले दूध पाजतात, फोटो काढतात. तिसऱ्या दिवशी खोके ओले झालेले असते आणि कोणी तिकडे फिरकत नाही. हे खोके आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरातून येते. प्राध्यापकांच्या घरातूनही येत नसेल असे मी छातीठोक सांगू शकत नाही.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात जनावर उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला कायद्याने दंड लिहिला तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांत आज धड मिसळ येत नाही. तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी थांबेल अशी आशा नको. थांबायचे तर ते खोके भरण्याच्या आधी. मांजरीला जेमतेम नऊ आठवड्यांत पिल्ले होतात, एका वेळी तीन-चार, आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा. ठकीची शस्त्रक्रिया आम्ही २०२१ साली करून घेतली. आजीने तेव्हाही विरोध केला होता, "कुणाचं आईपण आपण कोण काढून घेणारे?" मी तिला मनीची आठवण दिली होती. मनी आई होणार होती म्हणूनच तर ती पोत्यात गेली. आजी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटले होते मी विसरले असेन.

तर खटल्याचे पुढे काय झाले? रविवार आला. बाबांनी माळ्यावरून पोते काढले, झटकले, आणि ते जिन्यात ठेवून चहा प्यायला बसले. चहा नेहमीपेक्षा बराच वेळ चालला. "पोतं कोण धरणार?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "मी नाही." भाऊ म्हणाला त्याची मॅच आहे. आई पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही. शेवटी आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "परसात, नळापाशी. घरात नाही. ताटली वेगळी, विळी वेगळी, आणि मला वास येता कामा नये." इतके बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

म्हणून आता आठवड्यातून तीन दिवस मी मासळीबाजारात जाते. तिथली मावशी पहिल्या दिवशी म्हणाली, "बामणाची पोर गं तू, कशाला आलीस?" आता पिशवी बाजूला काढून ठेवते. शेजारच्या काकू डोकी स्वच्छ कशी करायची, हळद घालून कशी उकडायची ते मला शिकवतात. काटे त्याच काढून देतात. बाकीच्या दिवशी उकडलेले अंडे. परसात नळापाशी ॲल्युमिनियमची पोचे आलेली ताटली असते. आजी तिकडे पाठ करून तुळशीला पाणी घालते, आणि ठकीने खाल्ले की नाही हे मात्र न वळता विचारते.

साय अजून जाते. कालच चमच्याऐवजी बाबांनी कडीत खिळा अडकवला. आज दुपारी खिळा जमिनीवर होता. पोते जिन्यातच पडून आहे. ते उचलून पुन्हा माळ्यावर टाकायला घरात कोणालाच वेळ मिळत नाही, आणि थंडीचे दिवस असल्यामुळे ठकीने ते झोपायला घेतले आहे.